पुतळाबाईच्या खिडकीतलं पापलेट

लवूचं डोकं फिरलंय, याबद्दल मरोळच्या त्या वर्कशॉपमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं. संपात गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या भावोजींनी, म्हणजे जयवंतने, त्याला खिडक्यांची ग्रिलं जोडायच्या कामाला लावलं. आणि हा बाबा गज सोडून गजांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचा. अंधेरीभर ज्या त्या बाल्कनीला तोच उगवता सूर्य आणि तेच चौकोन. लवूचं म्हणणं, चित्र लोखंडाचं काढायचंच कशाला? लोखंड जरा बाजूला सरकवा, मधे जे उरेल ते चित्र.

“मेल्या, गिऱ्हाईक किलोवर पैशे देता,” जयवंत म्हणायचा. “भोकाक वजन नसता.”

शेवटी रोजच्या कटकटीला वैतागून जयवंतने अट घातली. वेसाव्याच्या पुतळाबाईचं काम आलं होतं. मासळी विकून तिने पक्कं घर बांधलं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल हवं होतं. लवूने त्यात हवं ते करावं. बाईला न सांगता, आपणहून ते चित्र दिसलं तर यापुढे डिझाइनं लवूची. नाही दिसलं तर जन्मभर चौकोन. लवू हो म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने गज असे वाकवले की मधोमध एक पापलेट उरलं. निव्वळ हवेचं, पण शेपूट आणि पर जागच्या जागी.

ग्रिल बसवून झालं तशी पुतळाबाईने गज धरून गदागदा हलवले. “मजबूत हाय,” ती म्हणाली.

“मावशी, जरा लांबून बघा ना.”

ती मागे सरकली, डोळे बारीक करून बघितलं. “रंग कवा देतंस?”

“अजून थोडं लांबून?”

“अरं, मागं चूल हाय. तिच्यावर बसू काय?”

लवू पडल्या चेहऱ्याने मरोळला परतला. जयवंतने चौकोनांचे गज त्याच्यापुढे आणून टाकले. लवूला खरोखर रडू आलं.

पुढच्या आठवड्यात पुतळाबाई पदर खोचून वर्कशॉपच्या दारात उभी. लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. त्यांच्यासाठी मसाला लावून ठेवलेली मासळी मांजराने पळवली आणि कोळ्याच्या घरात पाहुण्यांना डाळभात वाढायची पाळी आली.

“मांजर शिरलं कुठून?” जयवंतने विचारलं.

“कुठनं म्हंजे? मधल्या त्या पापलेटातनं.”

लवूच्या हातातला हातोडा खाली पडला. “मावशी, तुम्हाला दिसलं ते?”

“मना काय डोले नाहीत? जलमभर पापलेटच इकलं. पयल्याच दिशी दिसलं. मना वाटलं, पोराच्या हातनं गज चुकलं. बोललो तर मालक शिव्या घालंल, म्हनून गप ऱ्हायलो.”

जयवंतने कपाळाला हात लावला. शब्द दिलेला होता. डिझाइनं हातची गेली.

लवू हवेत तरंगत होता, तेवढ्यात पुतळाबाई म्हणाली, “आता ते भोक आजच्या आज बुजव.”

तेव्हा जिंकलेला लवू वेल्डिंगचं सामान घेऊन वेसाव्याला गेला आणि आपल्याच पापलेटावर उभे गज जोडायला लागला. पहिल्या गजाला त्याने जयवंतला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुतळाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटचा गज नुसता टेकवला, तशी ती न सांगता चुलीपर्यंत मागे गेली आणि मान तिरकी करून बराच वेळ न्याहाळत राहिली.

“पापलेटाच्या तुकड्या बऱ्या पाडल्यास,” ती म्हणाली. “पन डोक्याकडची मोठी झाली. गिऱ्हाईकं भांडतील.”

लवूने तो गज उचलला आणि बोटभर सरकवून जोडला.