स्वीडन पाहून आलेला चिंचेचा फोक

मी सागाचा सोटा बोलतोय. यवतमाळचा साग म्हणजे साऱ्या देशात नाव. बरं, सागाचा नाही. चिंचेचा फोक आहे मी, बोरी अरबच्या नाल्याकाठचा, करंगळीएवढा जाड. सागाशी माझं नातं एवढंच, की ज्या खुंटीला मी टांगलेला असतो ती सागाची आहे.

पुंडलिकरावांनी मला तोडलं तेव्हा त्यांचा अमर तिसरीत होता. सतराचा पाढा चुकला की मी, शाळेतून यायला उशीर झाला की मी, आणि बाजारात पुंडलिकरावांचं कुणाशी वाजलं तरी घरी येऊन पुन्हा मीच. अमरच्या पोटऱ्या मला तोंडपाठ आहेत. धाकटी समीक्षा माझ्या वाट्याला फारशी आली नाही. तिला नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं की पुरे. पुढे अमर इंजिनिअर होऊन स्वीडनला गेला आणि गावात श्रेय मला मिळालं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं तेल मला चोळत पुंडलिकराव म्हणायचे, "या मास्तरानं घडवलं माह्या पोराले."

गेल्या वर्षी तिकडची नात हट्टी झाली असं फोनवर कळलं आणि म्हातारा निघाला. बॅगेत शेवया, कुरडया, आणि कडेला मी. विमानात बसलेला गावातला पहिला फोक. बसलो कसला, सामानात थंडीनं काकडत पडलो होतो.

सहा वर्षांच्या नातीला मी भारी आवडलो. शाळेत घरची एखादी वस्तू नेऊन दाखवायचा दिवस होता, तर ती मलाच घेऊन गेली. वर्गात सांगितलं, आजोबा यानं माझ्या बाबांना मारायचे. झालं. चौथ्या दिवशी मुलांच्या सरकारी खात्यातली बाई दारात.

बाईनं जोडे दाराशी काढले म्हणून पुंडलिकराव खूश. "पाह्य बे, वळण आहे बाईले." बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, ही काठी कशासाठी? अमर म्हणाला, शोभेची आहे. पण म्हाताऱ्याला दम कुठला. त्यांनी मला उचललं आणि सोफ्याच्या उशीवर सपासप ओढून दाखवलं. "असं घडवलं याले." त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

बाई अमरकडे वळली. मला वाटलं, आता दंड सांगते. तिनं विचारलं, "तुम्हाला दुखायचं का?"

सहा फुटी इंजिनिअर तो. उठून गेला आणि स्वयंपाकघरात नळ सोडून नुसता उभा राहिला. त्याच्या पोटऱ्यांशी माझी एवढी जुनी ओळख, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

तो देशही काही देवाचा नाही म्हणा. शेजाऱ्यानं चार वर्षांत अमरला 'जेवला काय' म्हटलं नव्हतं. नातीचा सायकलवरून पडून गुडघा खरचटला होता, त्यावर बाईनं तीन पानं लिहिली. न मारता मूल कसं वाढवावं, याच्या वर्गाला अमर दर बुधवारी जायला लागला. तिथं लेकराला चापट मारणंसुद्धा कायद्यानं बंद. आपल्याकडे तरी कायदे थोडे आहेत काय? बायका-पोरांच्या मदतीचे नंबर गावात भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेत. सध्या त्यांच्यावर गोवऱ्या वाळतात.

परत आल्यावर पुंडलिकरावांनी ओट्यावर बसून ही हकिकत महिनाभर सांगितली. "पोराले टिचकी मारली तर तिकडं सरकार घरी येते." लोक पोट धरून हसायचे. मीही हसलो.

मग उमरखेडहून समीक्षा आली. डाव्या हाताला प्लॅस्टर, उजव्यात बॅग. नवऱ्यानं ढकललं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. आली आणि म्हणाली, "मी आता वापस जात नाही."

आठव्या दिवशी बैठक बसली. गावातली चार वडीलधारी माणसं, पुंडलिकराव, आणि पाहुणा म्हणून जावई रजत, ज्याच्यापुढं पोहे होते. समीक्षानं एका हातानं सगळ्यांना चहा दिला. किसनराव सर्वांत वडील. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी काहून पोरी?" मग निकाल दिला. "भांड्याले भांडं लागतेच. दुपारच्या यष्टीनं धाडून द्या." रजतनं मान हलवून पोहे संपवले.

मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याला तोंड असतं तर बरं झालं असतं. माझं नाव पुढं करून माणसं काय काय चालवून घेतात, ते बोललो असतो. फोकच तो, लटकत राहिलो.

पुंडलिकराव समीक्षाकडे न बघता म्हणाले, "बाई, स्वीडनची गोष्ट येगळी. आपल्या इथं घरचं घरात मिटते."

समीक्षानं ट्रे खाली ठेवला. "मिटत नाही बाबा, झाकते. दादानंच फोनवर सांगितलं, तिकडं एका परक्या बाईनं त्याले विचारलं, दुखायचं काय. मी आठ दिवसांपासून हा हात घेऊन तुमच्यासमोर बसून राह्यली, अन् तुम्ही पाच जणांनी मिळून मले काय विचारलं, तर साखर कमी काहून."