नऊ पावलं

मित्रांनो, मी हासेलग्रुंड गावच्या शिवारातला एक जुना हद्दीचा दगड आहे. दगड खोटं बोलत नाही असं आमच्या गावात म्हणत असत. मी बोललो. एकदा नव्हे, सत्तावीस वर्षं रोज बोललो, आणि तेही ताठ उभं राहून. म्हणून माझी गोष्ट सांगताना मान वर होत नाही.

आमचं गाव लहान. एक रस्ता, चाळीसेक घरं, मधोमध चर्च. गावाच्या खालून अर्लबाख ओढा वाहतो आणि त्याच्या काठानं माशांची तळी आहेत. उत्तरेला बीच झाडांचं रान आणि दक्षिणेला दोन बुटक्या टेकड्या. त्या टेकड्यांच्या पलीकडे, उतारावर, मी. गाव तसं मला दिसत नाही. फक्त दोन टेकड्यांच्या खिंडीतून चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा तेवढा दिसतो. हा कोंबडा लक्षात ठेवा. माझी सगळी अब्रू त्याच्यापाशी आहे.

शेजारगावच्या खाणीत माझा जन्म झाला. तांबूस अंग, गुडघ्याएवढी उंची. पाथरवटानं माझ्या एका गालावर ‘पो’ अक्षर कोरलं आणि दुसऱ्यावर ‘झे’. एका बाजूला पोप घराण्याचं कुरण, दुसऱ्या बाजूला झेल्टनर घराण्याचं शेत. मला पुरलं ते गावच्या सातजणांनी. हे सातजण म्हणजे हद्दीची शपथ घेतलेली माणसं. दगड रोवायचा, हलवायचा किंवा काढायचा अधिकार फक्त त्यांचा. दगडाखाली ते भाजलेल्या कौलाचे तुकडे ठरावीक तऱ्हेनं मांडून ठेवतात. ती मांडणी बायकोलाही सांगायची नाही, न्यायाधीशालाही नाही, मरताना पाद्र्यालाही नाही. त्या तुकड्यांना गावात ‘साक्षीदार’ म्हणतात. भांडण झालं की सातजण एकटेच दगड उकरतात, खाली बघतात आणि निकाल देतात. त्यावर कुणी ब्र काढत नसे.

मला त्या दिवसांत फार मान होता. नांगर माझ्यापाशी आला की बाजूनं वळायचा. फ्रेंच सैन्य या वाटेनं गेलं तेव्हा थकलेल्या सैनिकांनी माझ्यावर बसून बूट काढले, पण मला कुणी उपटलं नाही. आगगाडी आली ती पलीकडच्या खोऱ्यातून निघून गेली. गावातली तरुण पोरं पहिल्या जागतिक लढाईवर गेली ती याच उतारावरून, आणि परतली त्यातली निम्मीच.

दर सात वर्षांनी ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव हद्दीवरून फिरे. प्रत्येक दगडापाशी एका मुलाला उभं करायचे आणि सातजणांपैकी कुणीतरी त्याला थोबाडीत द्यायचा. राग म्हणून नव्हे. ज्या जागी गाल चांगला झणझणला ती जागा माणूस म्हातारपणीही विसरत नाही, म्हणून. थप्पड झाली की हातात गोड पाव मिळायचा. कागद जळतात, गाल जळत नाहीत, एवढा साधा हिशेब.

पहिली लढाई संपल्यावरच्या फेरीत माझ्यापाशी आठ वर्षांच्या बाबेट पोपला उभं केलं. थप्पड द्यायची पाळी कोन्राड झेल्टनरची होती. तिशीतला, उंचापुरा, नुकताच सातजणांत आलेला. पोर लहान म्हणून त्यानं हलकेच चापट मारली, तर बाबेट म्हणाली, “नीट मारा की. नाहीतर मी विसरेन.” सगळे हसले. मग त्यानं नीट मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती समोर बघत राहिली, खिंडीतून दिसणाऱ्या त्या कोंबड्याकडे. मग माझ्यावर बसून तिनं पाव खाल्ला. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

आता लाजेची गोष्ट. ती सांगायचं मी इतका वेळ टाळत होतो, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

दुसरी लढाई संपून दोन वर्षं झाली होती. बाबेटचा नवरा गेओर्ग परत आला नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीतले नकाशे जळून गेले होते. आणि त्या उन्हाळ्यात पाऊस असा डोळे वटारून बसला की अर्लबाखच्या तळाचे गोटे दिसू लागले, तळ्यांतले मासे मेले. शिवारात एकच झरा वाहत होता. तो माझ्यापासून पाच पावलांवर, पोपांच्या, म्हणजे आता बाबेटच्या, कुरणात होता. पलीकडे कोन्राडचे बटाटे करपत होते. आता तो सातजणांचा म्होरक्या होता. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि मी तर त्याला देवमाणूस समजत होतो.

एका रविवारी चर्चची घंटा वाजली, सारं गाव प्रार्थनेला गेलं. कोन्राड पाय दुखतोय म्हणून घरी राहिला होता. तो पहार आणि ढकलगाडी घेऊन माझ्यापाशी आला. मला वाटलं, मी कललो असेन, सरळ करायला आला असेल. त्यानं मला उपटलं, नऊ पावलं पूर्वेला नेलं आणि तिथं रोवलं. घरून आणलेले कौलाचे नवे तुकडे माझ्याखाली बिनचूक मांडले. जुन्या खड्ड्यातले तुकडे काढायला त्याला वेळ मिळाला नाही. प्रार्थना संपल्याची घंटा झाली, तशी त्यानं खड्ड्यात माती लोटली, वर गवताची ढेकळं दाबली आणि तो निघून गेला. झरा झेल्टनरांचा झाला. माझ्यापाशीच हद्द वळते, त्यामुळे ती थोडी तिरकी झालेली कुणाच्या डोळ्यावर आली नाही.

एका माणसाच्या मात्र आली. बाबेट दुसऱ्याच दिवशी बादल्या घेऊन आली, माझ्याकडे बघून थबकली आणि तडक सातजणांकडे गेली. सातातले तीन लढाईत गेले होते. उरलेले चौघे आले, त्यांत कोन्राडही. मागून अर्धं गाव आलं. त्यांनी लोकांना लांब उभं केलं, मला उकरलं, खाली पाहिलं. साक्षीदार जागच्या जागी होते.

“दगड खरा आहे,” कोन्राडनं मोठ्यानं सांगितलं.

बाबेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “कोन्राड, तुम्ही स्वतः मारलं होतं मला. इथं नव्हे, तिकडे. मारलं तेव्हा मला कोंबडा दिसत होता. इथून टेकडी आड येते. बघा ना एकदा.”

मित्रांनो, कोन्राडनं नुसतं वर बघितलं असतं तरी पुरे होतं. पण तो लोकांकडे बघून म्हणाला, “थप्पड जरा जास्तच बसलेली दिसते. पोरीला दिवसा कोंबडे दिसायला लागले.”

लोक हसले. कुणीही नऊ पावलं चालून बघितलं नाही. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ‘कोंबडेवाली बाबेट’. ती रस्त्यानं निघाली की पोरं खिडकीतून आरवायची. तिची एक गाय त्या उन्हाळ्यात मेली, दुसरी विकावी लागली. सगळ्यांत वाईट म्हणजे तिला खोटारडी म्हणू लागले, आणि पुरावा म्हणून बोट दाखवायचे ते माझ्याकडे. ती चर्चमध्ये मागच्या बाकावर, खांबाआड बसू लागली, असं मी माझ्यावर टेकणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं. दगडाला तोंड नसतं, असं मी मनाला समजावलं. पण सातजणांनी ‘दगड खरा आहे’ म्हटलं तेव्हा ते माझंच बोलणं होतं. मला दुभंगून पडता आलं असतं. थंडीत चांगले चांगले दगड दुभंगतात. मी हिवाळ्यामागून हिवाळे धडधाकट राहिलो, याची मला सर्वांत जास्त शरम वाटते.

सत्तावीस वर्षं गेली. कोन्राड इभ्रतीनं मेला. मग सरकारनं ठरवलं की तुकड्या-तुकड्यांची शेतं एकत्र करून नव्यानं वाटायची. जुने दगड निकामी होणार होते. झऱ्यापासून नळासाठी चर खणायचा होता, आणि तो खणायला आला कोन्राडचा मुलगा मिशेल. तोही आता सातजणांत होता. माझ्यापासून नऊ पावलांवर त्याचं फावडं खणकन वाजलं. त्यानं हातानं माती बाजूला केली आणि तिथंच गुडघ्यावर बसला. कौलाचे तुकडे होते. ती मांडणी जगात सात माणसांनाच कळत होती आणि त्यांतला एक तो होता.

बरोबरचा म्हातारा एर्हार्ड त्या चौघांतला होता. त्यानं डोकावून पाहिलं आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “झाक ते, मिशेल. तुझा बाप गेला. जमीन तर आता सगळीच नव्यानं वाटणार. कुणाला काय फरक पडतो?”

“एकीला पडतो,” मिशेल म्हणाला.

तो गावात गेला आणि बाबेटला घेऊन आला. त्रेसष्ट वर्षांची, रबरी बूट, कमरेला एप्रन, तोंडावर राग. चर खणणारी माणसं काम थांबवून गोळा झाली. मिशेलनं तिला विचारलं, “बाबेटकाकू, तुम्हाला थप्पड नक्की कुठं बसली होती?”

“का? पुन्हा हसायचं राहिलंय वाटतं?”

कुणी हसलं नाही. तेव्हा ती माझ्यापासून निघाली. खाली न बघता, खिंडीकडे नजर लावून, एक-एक पाऊल बाजूला सरकत गेली. नवव्या पावलाला थांबली. तिचे बूट ताज्या मातीत रुतले होते. टेकडीमागून कोंबडा बाहेर आला होता.

मिशेलनं टोपी काढली. खाली काय सापडलं ते त्यानं सांगितलं नाही, शपथ मोडली नाही. एवढंच म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “बाबेटकाकू खरं बोलत होत्या. दगड खोटा उभा होता. माझ्या बापानं हलवला.”

बाबेट त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याला खाडकन थोबाडीत दिली. खिंडीपलीकडे आवाज गेला असेल.

“आता विसरू नकोस,” ती म्हणाली. मग एप्रनच्या खिशात चाचपून तिनं सुकवलेल्या नाशपतीची एक फोड काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. “मारल्यावर खायला द्यायचं असतं.”

चाळिशीतला तो माणूस सगळ्यांसमोर रडत ती फोड खात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सातजणांनी मला माझ्या जुन्या जागी आणून रोवलं. आता माझ्यापाशी कुणाचीच हद्द नाही. बाबेट शेवटपर्यंत अधूनमधून येऊन माझ्यावर बसायची, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. गावातली मुलं अजून येतात, माझ्यावर चढतात, गोड पाव खातात.

मित्रांनो, तुम्हीही खुशाल बसा. पण बसण्याआधी एकदा खिंडीतून वर बघा. कोंबडा दिसला नाही तर गावात जाऊन सांगा, लोक हसले तरी सांगा. आणि तुमच्या गावात कुणी एकटी बाई हसणाऱ्यांपुढे उभी राहून काही दाखवत असेल, तर दगडावर विसंबू नका. नऊ पावलं चालून बघा.