धुळ्याचा सव्वादहाचा फोन

सुनंदाबाईंनी रिसीव्हर कान आणि खांद्यामध्ये धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कुठेही न बघता आकडे सांगितले.

"दहा, वीस, तीन, चौदा. मध्ये टिंब टाका."

"उघडनं, अक्का," पलीकडून अभिमन म्हणाला. तो धुळ्याच्या शाखेत गोदाम सांभाळायचा. "तठे ऊन कसं शे आज?"

"जळगावचं ऊन विचारू नका, भाऊ. छत्री घेतली तरी डोकं भाजतं."

रोज सव्वादहाला हा फोन यायचा. बियाण्यांच्या या कंपनीत बाई तीस वर्षांपूर्वी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा काय थाट होता! साक्री, पहूर, नरडाणा, कुठूनही फोन यावा, माणसाने नुसतं नाव घ्यावं आणि बाईंनी पापणी लवायच्या आत नंबर जोडून द्यावा. मग मोबाइल आले, बोर्ड भंगारात गेला आणि बाई आवक-जावकच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेल्या. तिथे त्यांना कुणी चहालाही हाक मारेना.

पुढे जळगाव आणि धुळे, दोन्ही ऑफिसांचे कॉम्प्युटर व्हीपीएनने जोडले आणि वेगळंच त्रांगडं झालं. धुळ्यात जळगावच्या सर्व्हरचं नाव टाकलं की काही उघडत नसे, नंबर टाकला की उघडे. तो नंबर बाईंना पाठ. बाकीचे आठ दिवसांत लिहून घेऊन मोकळे झाले. अभिमन मात्र विचारतच राहिला.

"लिहून ठेवा की, भाऊ."

"कागद हरपी जास, अक्का."

आणि हाच माणूस कपाशीच्या बियाण्याचे पन्नास लॉट नंबर तोंडपाठ सांगायचा. बाई खोलात जात नसत. ऑफिसच्या आख्ख्या दिवसात त्यांच्याशी आपणहून बोलणारा तो एकटाच होता, आणि ते बोलणं त्यांना फार हवं होतं.

सोमवारी दुपारी कॉम्प्युटरच्या दुरुस्तीसाठी कंपनीने बोलावलेला हितेंद्र आला. बाईंच्या शेजारी लॅपटॉप मांडून बसला आणि तासाभरात त्याला दुखणं सापडलं.

"रस्ता ठीक आहे, अक्का. पण नावावरून नंबर शोधून देणारं मशीन दोन्हीकडे वेगळं आहे. धुळ्याचं मशीन धुळ्याचीच नावं ओळखतं. जळगावचं नाव आलं की हात वर करतं."

"मग?"

"मी त्याला सांगून ठेवलं, जळगावचं नाव आलं की जळगावला विचार."

"म्हणजे मी बोर्डावर करायचे तेच."

"अगदी तेच," हितेंद्र हसला. "सर्व्हरचा नंबरही बदललाय. जुना टाकला तर आता काहीच उघडणार नाही. धुळ्यात सगळ्यांना कळवलंय, नुसतं नाव टाका."

"नवा नंबर काय?"

"आता तो कशाला हवा कुणाला?"

बाईंनी मान हलवली आणि टपालाचा गठ्ठा उगाच पुन्हा लावायला घेतला.

मंगळवारी त्या पाऊण तास आधीच आल्या. टेबल पुसलं, फोनही पुसला. सव्वादहा झाले, दहा वीस झाले. एवढंसं काम ते, एका माणसाने येऊन तासात संपवलं, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. साडेदहाला त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, आणि फोन वाजला.

"अक्का, नंबर सांगा."

जित्याची खोड. बाईंच्या तोंडून जुनेच आकडे गेले. शेवटचा आकडा सुटला तशी त्यांनी जीभ चावली. तो नंबर तर बंद झालेला. आता हा म्हणेल उघडत नाही, मग शेजारचं कुणीतरी सांगेल नाव टाक म्हणून, की झालंच.

पलीकडे कीबोर्डाचे दोन-चार खटके ऐकू आले.

"उघडनं, अक्का," अभिमन म्हणाला.

बाईंनी उघडलेलं आवक रजिस्टर हळूच मिटलं.

"अक्का? आयकू येस ना?"

"येतंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या वेळेवर करा. आज पंधरा मिनिटं वाट बघायला लावलीत."