कुसुंब्याची लाली

आमच्या ह्यांना लातुरात सगळे वैद्यबुवा म्हणत. निजामाच्या राज्यात वैद्याला परीक्षा नव्हती, हे ह्यांचं थोर नशीब. ह्यांची सगळी विद्या रंगात. करडईच्या, म्हणजे कुसुंब्याच्या, पाकळ्या धुऊन पिवळं पाणी फेकायचं, त्या पापडखारात चुरायच्या, वर लिंबू पिळायचं, की लाली उतरे. ती गुळाच्या पाण्यात घातली की झालं ह्यांचं औषध. पाकळ्या चुरायला अर्थात मी.

आमच्या प्रमोदिनीला हिवताप भरला तेव्हा मात्र ह्यांनी लाल बाटलीकडे पाहिलंही नाही. गुपचूप माझ्या भावाला सांगून नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून कोयनेल, हिवतापावरची ती कडू पूड, मागवलं. मुलीला उतार पडला. मला ह्यांची किळस आली.

त्याच आठवड्यात रेणापूरची केवळाबाई तापलेलं पोर घेऊन आली. हे औशाला गेले होते. मी उरलेल्यातलं थोडं कोयनेल पाण्यात करून दिलं, तर बाईनं नाक मुरडलं.

"ह्ये कसलं पानी वो, वैनी? पोराच्या अंगात रगत न्हाई. लाल दवा द्या की!"

हिला काय समजावणार, कपाळ! आत जाऊन त्यातच लाली ओतली. बाई खूश. पुढं पोर उठलं, आणि केवळाबाई नारळ घेऊन ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला.

पंधरवड्यानं प्रमोदिनी पुन्हा हुडहुडली. हे लाल बाटली घेऊन पुढं.

"अहो, कोयनेल आहे ना फडताळात!"

"कशाला? केवळाबाईचं पोर ह्याच्यानंच उठलं."

"त्यात मी कोयनेल घातलं होतं."

हे हसले. "बायकांना कशाचंही श्रेय हवं असतं."

लोकांना फसवता फसवता हा माणूस स्वतःच फसला होता, तेही मुलीच्या जिवावर. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पूजेनंतर देतो म्हणून हे पूजेला बसले, तेव्हा मी उरलंसुरलं कोयनेल त्या बाटलीत मिसळून टाकलं.

पूजा आटोपून आले, बाटली उजेडात धरली. "रंग बघ कसा उतरलाय!"

चमचा तोंडात जाताच पोरीनं कडूजहर तोंड केलं. तिनं थुंकू नये म्हणून मी तिचं तोंड दाबून धरलं, आणि ह्यांना म्हटलं, "खरंच, रंग फार छान उतरलाय. रोज द्या."