बाराव्या जागेची चिठ्ठी

“पुन्हा वाचा,” बायको म्हणाली. “दोघांपैकी निवडला गेला कोण?”

“मत्तीया.”

“आणि दुसरा?”

“योसेफ. त्याला युस्तही म्हणायचे.”

“दोन दोन नावं असून चिठ्ठी निघाली नाही बिचाऱ्याची!” तिने इस्त्री शर्टाच्या बाहीवरून फिरवली. “पुढे काय झालं त्याचं?”

“लिहिलेलं नाही.”

“म्हणजे रुसून बसला नसणार. रुसला असता तर नक्की लिहिलं असतं. लोक तेवढं विसरत नाहीत.”

शनिवारची संध्याकाळ होती. चर्चच्या पाळकांनी सगळ्या मंडळीला बायबलातला तोच भाग वाचून यायला सांगितलं होतं. बारा प्रेषितांतला एक फितूर होऊन मेला, जागा रिकामी झाली, तेव्हा उरलेल्या अकरांनी दोन माणसं उभी केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. या मंडळीचा कारभार पाहणारे पंचही बाराच. बारावे पंच काही फितूर झाले नव्हते. त्यांच्या गुडघ्यांनीच त्यांना दगा दिला, म्हणून ते लेकीकडे राहायला गेले. रिकाम्या जागेसाठी दोन नावं आली. मतदान घेतलं तर भांडणं होतील या भीतीने पाळकांना चिठ्ठ्या आठवल्या. भीती वाटली की माणसाला शास्त्र बरोबर आठवतं.

भीती खोटी नव्हती. एक नाव होतं पंपवाल्याचं, म्हणजे हे वाचून दाखवणाऱ्या नवऱ्याचं, आणि दुसरं त्याच्या सख्ख्या साडूचं.

पंपवाला पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मेकॅनिक होता. मंडळी भाड्याच्या गोदामात भरायची तेव्हापासूनचा, म्हणजे सत्तावीस वर्षांचा जुना. उपासनेआधी बाकं मांडायची आणि नंतर भिंतीला लावायची, हे त्याचं काम. ते त्याला कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे कोणी काढूनही घेतलं नव्हतं. साडूही गोदामापासूनचाच. चष्म्याचं दुकान, गोड गळा आणि लांब प्रार्थना. तो डोळे मिटून उभा राहिला की अनुभवी माणसं आधी भिंतीला टेकून घेत.

पंपवाल्याला ती जागा हवी होती. तोंडाने तो बोलला नव्हता, पण पुढच्या रांगेतलं पंचांचं बाक तो सत्तावीस वर्षं पुसत आला होता आणि एकदाही त्यावर बसला नव्हता. बायकोला एवढा हिशोब पुरेसा होता. म्हणून तर शर्ट नवा होता.

“कसला माणूस हवा होता त्यांना?” तिने विचारलं.

“पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत राहिलेला. जे पाहिलं त्याची साक्ष देणारा.” तो अडखळला. “मधल्या दोन वर्षांचं काय करायचं गं?”

इस्त्री थांबली. त्यांची मुलगी सहा दिवसांच्या तापात गेली, त्यानंतर पंपवाल्याने चर्चची पायरी सोडली होती. पाळी नसली तरी रविवारी तो पंपघरात जाऊन बसायचा. मग एका रविवारी आला, तो येतच राहिला. कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याला वाटलं, लोकांनी मोठ्या मनाने पोटात घातलं.

“कोणाला माहीतच नाही,” ती शर्टाकडे बघत म्हणाली. “बाकं मांडलेली दिसायची ना. मी सांगायचे, सकाळी लवकर येऊन मांडून गेलेत, ड्यूटी आहे.”

“मग मांडायचं कोण? वॉचमन?”

“वॉचमन! त्याला स्वतःची खाट उचलवत नाही.”

त्याने बायबल मिटलं.

“म्हणजे तू! मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कधी? आता सरका, कॉलर जळेल.”

रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी टेबलावर स्टीलचं भांडं ठेवलं. त्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या.

“प्रेषित म्हणजे पाठवलेला,” पाळक म्हणाले. “पण पाठवायचं कोणाला? ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला. येशूबद्दलचं पुस्तक तेव्हा कुठे लिहिलं होतं? ही माणसंच पुस्तक होती. माणूस खोटं बोलला तर तेवढं पान खोटं. म्हणून दोघांना मंडळीसमोर विचारतो. पहिल्यापासून आजवर तुम्ही आमच्यासोबत चाललात का?”

साडूला ‘हो’ म्हणायला चार मिनिटं लागली.

मग सगळे पंपवाल्याकडे वळले. “यांना काय विचारता!” मागून कोणीतरी म्हणालं. “हे तर भिंतींच्या आधीचे!” लोक हसले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवणं हेच त्याचं सत्तावीस वर्षांचं भाषण होतं. भांड्यात दोन चिठ्ठ्या होत्या, त्यांतली एक त्याची. अर्धी शक्यता. एवढी मोठी शक्यता जन्मात त्याच्या वाट्याला आली नव्हती.

“नाही,” तो म्हणाला.

“मोठ्याने बोला, ऐकू आलं नाही.”

“नाही चाललो. मुलगी गेली, त्यानंतर दोन वर्षं मी येत नव्हतो.”

“अहो, काहीतरीच काय! बाकं तर मांडलेली असायची.”

“ती हिने मांडली. मी नव्हतो.”

साऱ्या माना बायकोकडे वळल्या. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. “म्हणजे ड्यूटी-बिटी सगळं...” एका पंचाची बायको कुजबुजली, आणि ती कुजबुज नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली.

पाळकांनी भांड्यात पाहिलं. शास्त्रात असं काही घडलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पुढचं सुचेना. शेवटी त्यांनी पंपवाल्याच्या नावाची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. “मग एकच नाव उरलं,” ते हळू म्हणाले.

साडू पुढे जाताना पंपवाल्यापाशी थांबला. “साडूभाऊ, काय गरज होती?” तो पुटपुटला. “निदान जिंकू तरी द्यायचं होतं मला.” त्या दिवशी त्याची प्रार्थना दीड मिनिटात संपली.

लोक पांगले. सोमवारी हॉलमध्ये शिवणवर्ग असायचा, म्हणून बाकं भिंतीला लावायची होती. पंपवाल्याने नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बायको दाराशी उभी होती. आता ही आठवडाभर बोलणार नाही, अशी त्याने मनाची तयारी केली.

“दोन वर्षं काय सांगितलंत?” ती म्हणाली. “एक्क्याण्णव रविवार होते.”

“मोजलेस?”

“मग? दुसरं काय करणार होते?”

बावीस बाकं, एक्क्याण्णव रविवार. त्याने मनात गुणाकार केला. दोन हजार दोन. बाक सागवानी होतं, एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. तो स्वतः दर रविवारी कोणाला तरी हाक मारून दुसरं टोक धरायला लावायचा.

“एकटीने कशी उचललीस गं?”

“उचलली कुठे?” ती म्हणाली. “ओढली.”

त्याने खाली पाहिलं. लादीवर भिंतीपासून रांगांपर्यंत बारीक चरे होते, एकावर एक, शेकडो. त्यांच्यावरून तो इतकी वर्षं चालत आला होता.

तो वाकला, बाकाचं एक टोक धरलं, आणि ती येऊन दुसरं धरेपर्यंत तसाच वाकून राहिला.