पेंटरकाकांचं घड्याळ

घड्याळ काढा. सव्वातीनची वेळ दाखवा.

पेंटरकाकांनी डॉक्टरबाईंनी दिलेल्या कागदावर काढलं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात. कंपासने मान खाली घालावी असा गोल. काटे ऐटीत. शेजारी बसलेल्या काकूंचा जीव भांड्यात पडला. मागच्या खेपेला ही परीक्षा पाहून त्यांनी घरी रोज घोकंपट्टी करून घेतली होती. चहाबरोबर एक घड्याळ, दोन घोटांमध्ये पाच शब्द. विसरण्याच्या आजारावरचं नवं औषध पहिल्यांदाच रुग्णांना देऊन बघणार होते. त्यात नवऱ्याची वर्णी लागायलाच हवी होती.

मघाचे पाच शब्द सांगा.

काकांनी धडाधड सांगितले. वर म्हणाले, "सहावा हवा असेल तर तोही सांगतो."

डॉक्टरबाई हसल्या. मग पेन खाली ठेवलं. "काका, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. पण औषध विसरणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला नाही घेता येणार."

आणखी काही सांगायचंय?

हे कुणी विचारलंच नाही. काकूंना मात्र सांगायचं होतं. सांगायचं तर यांच्या तोंडावर सांगावं लागणार.

"बाई, हे मी पाठ करून घेतलंय. वाटलं, पास झाले की घेतील."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"अहो, परवा तुम्ही शेजारच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत होता. मी म्हटलं, सगळी दारं सारखीच दिसतात. नाही दिसत. आपलं निळं आहे. तुम्हीच रंगवलंय."

काका घड्याळाच्या कागदाकडे बघत राहिले.

"म्हणजे तू मला गंडवत होतीस."

"हो."

"दार आपलं नाही, हे कळलं होतं मला. आपलं कुठलं, ते आठवेना. म्हणून किल्ली फिरवत बसलो, तू येईपर्यंत."

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारला. "पुन्हा या. शब्द नवे असतील. आणि काकू, शिकवणी बंद! औषध अंगाला सोसतं का, एवढंच आत्ता बघणार आहोत. गुण येईल असं मी म्हणत नाही."

"नका म्हणू," काकू म्हणाल्या.

दाराचा रंग कोणता?

जिन्यात काकांनीच विचारलं, कठड्याला धरून.

"निळा," काकू म्हणाल्या. आणि पुढे सारवासारव केली नाही.