बिनपासाचा लाल ठिपका

त्या रविवारी आई टेबलाच्या एका टोकाला मटार सोलत होती आणि दुसऱ्या टोकाला मी लॅपटॉप उघडून शंभरातले किती आत शिरले ते मोजत होते. अकरा. आदल्या आठवड्यात बारा होते.

पेशीच्या केंद्रकाभोवती आवरण असतं आणि त्या आवरणाला असंख्य छिद्रं. प्रत्येक छिद्रात प्रथिनांचे मऊ धागे लोंबत असतात. लहान रेणू त्यांतून सहज जातात. मोठ्यांना वाहक लागतो. तो धाग्यांना अलगद चिकटत, सुटत त्यांना पलीकडे पोचवतो. ज्याला वाहक नाही अशा मोठ्या रेणूनं बाहेरच राहायला हवं. माझ्या संगणकातल्या छिद्रातून मात्र शंभरातले अकरा बिनदिक्कत आत जात होते. धाग्यांची लांबी बदलून झाली होती, चिकटपणा बदलून झाला होता. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या, हे केंद्रक नाही, चाळणी आहे. महिनाअखेरच्या बैठकीत गळती थांबलेली दिसली नाही, तर तीन वर्षांचं काम गुंडाळायचं होतं.

आई एकतीस वर्षं एका रुग्णालयात वॉर्डच्या दारावर होती. भेटीच्या वेळेला पास बघून माणसं आत सोडायची. माझ्या कामाबद्दल शेजारणीला ती सांगायची, आमची मुलगी भोकं बघून डॉक्टर झाली.

सकाळी जिना चढताना ती मधेच थांबली होती. कुणीतरी पायऱ्या वाढवल्यात, म्हणाली. मी हसले. मंगळवारी तिला डॉक्टरकडे न्यायचं आधीच ठरलं होतं.

मटाराच्या टोपल्यावरून वाकून तिनं पडद्याकडे बघितलं. लोंबणारे धागे, मधे एक लाल ठिपका, म्हणजे वाहक नसलेला मोठा रेणू.

"हा लाल एकटाच? बाकीचे कुठायत?"

एकेकच सोडते, मी सांगितलं. सगळे एकदम घेतले तर संगणकाला महिने लागतील.

"मग तो शिरणारच की. दार मोकळं दिसलं की कुणीही शिरतं." तिनं एक शेंग फोडली. "भेटीच्या वेळेला दार गच्च भरलेलं असायचं ना, तेव्हा बिनपासाचा एक जात नव्हता. पासवाल्यांतून त्याला वाटच मिळायची नाही. चोर यायचे ते दुपारी दोनला. दारात चिटपाखरू नसायचं तेव्हा."

"आई, ही माणसं नाहीत. तुला यातलं काही कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

सोमवारी अकराच्या सुमाराला ती त्याच जिन्यावर टेकली आणि उठली नाही. हातात दुधाची पिशवी होती. तळमजल्यावरच्या शिंप्याचा फोन मी उचलला तो तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन वेळा मी आकडे बघत होते.

सतराव्या दिवशी कामावर गेले. बैठकीला नऊ दिवस उरले होते. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत आणि मी लवकरच लांबीचे, चिकटपणाचे तेच ते आकडे पुन्हा फिरवू लागले. आईचं म्हणणं तपासून बघायला फार काही करावं लागणार नव्हतं. छिद्रात आधीच वाहक भरून ठेवायचे आणि मग लाल ठिपका सोडायचा. तरी तीन दिवस मी तिकडे वळले नाही. ती चुकलेली निघाली, तर तिला पुन्हा एकदा गप्प केल्यासारखं होईल. आणि बरोबर निघाली तर? तर तिच्याशी शेवटचं जे बोलले, ते तसंच्या तसं उरेल. दोन्हींतलं काहीच मला नको होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी छिद्रात वाहक भरले आणि गणित सुरू केलं. पाच दिवस लागणार होते. ते बैठकीच्या सकाळी संपणार होतं. रस्ता ओलांडताना, दात घासताना फोनवर टक्के बघायचे. एकतीस. अठ्ठेचाळीस. एकदा वीज गेली तेव्हा मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की शेजारच्या टेबलावरच्यानं न विचारता पाणी आणून दिलं. गणित चालूच होतं. दादाचा फोन आला, आईच्या कपाटाचं काय करायचं म्हणून. शुक्रवारनंतर सांगते, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आकडा आला. शंभरातला एक.

मी तो तीनदा तपासला. मग चित्र चालवून बघितलं. वाहकांची दाटी झाली होती. नवा वाहक आला की धाग्यांवरचा आधीचा जरा सरकायचा, नवा आत जायचा. लाल ठिपका तोंडाशी यायचा, इकडेतिकडे आपटायचा आणि बाहेर फेकला जायचा.

बैठकीत बाईंनी ते चित्र दोनदा चालवायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, आता हे केंद्रक आहे. रिकाम्या छिद्रात एकेक रेणू सोडण्याची चूक आपण सगळेच करत होतो, हेही त्यांनी कबूल केलं. मग विचारलं, तुला हे सुचलं कसं?

उत्तर मी तयार ठेवलं होतं. जुने प्रयोग पुन्हा वाचताना लक्षात आलं, असं. ते खोटंही वाटलं नसतं. पडद्यावर लाल ठिपका पुन्हा तोंडाशी आला होता.

"मला नाही सुचलं," मी म्हणाले. "माझ्या आईनं सांगितलं. ती वॉर्डच्या दारावर होती. मटार सोलता सोलता सांगितलं, आणि मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली."

बाईंनी चष्मा परत घातला नाही.

"तिचं बरोबर होतं," मी म्हणाले. तेवढ्यानं भागेना. मग त्या सगळ्यांसमोर, पडद्याकडे बघत, घरी बोलते त्याच आवाजात म्हणाले, "आई, तुझं बरोबर होतं."